गप्प झालेली टाकी

'दारी आलं ऊन बाई, त्याला देते बसायाला. मागं उभी सावली गं, तिला शब्द नाही आला.' फळ्यांच्या भिंतीपलीकडून हा आवाज त्याने पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो भाड्याच्या खोलीत एकटा राहत होता आणि दोन शर्ट आळीपाळीने धुऊन घालत होता. पलीकडे कुणीतरी कपडे पिळत होतं. पीळ घट्ट होत जाई तशी ओळ ताणली जाई, पाणी निथळून संपलं की ओळ संपे, आणि मग कपडा झटकल्याचा एक फटकारा. चेहरा दिसायला पुढे बराच काळ गेला, पण तोवर आवाजाची आणि त्याची चांगली ओळख झाली होती. सर्दी झाली की तो खाली उतरतो, मन थाऱ्यावर नसलं की दुसऱ्या ओळीवर अडखळतो, हे त्याला भिंतीला पाठ टेकूनच समजलं होतं. लग्न झालं, आणि झालं काय, तर आवाज भिंतीच्या अलीकडे आला. पुढे घरं बदलली, मुलगी झाली, मोठी झाली, परगावी संसाराला लागली. आवाज मात्र कधी स्वयंपाकघरात, कधी गॅलरीत, कधी न्हाणीघराच्या दाराआड तसाच राहिला. घड्याळाकडे आपण लक्ष देत नाही तसं त्याने त्या गुणगुणण्याकडे कधी लक्ष दिलं नाही. घड्याळ थांबल्यावर मात्र खोलीत काहीतरी कमी झाल्यासारखं वाटतं. तसं त्याला हल्ली वाटे. आणि ते कमी झालेलं काय, ते आपल्याला ठाऊक आहे, असं तो समजून चालला होता.

त्याचा सगळा जन्म लोकांच्या कानांत गेला. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी जी छोटी यंत्रं असतात, ती कानात नीट बसावीत म्हणून प्रत्येकाच्या कानाचा साचा घ्यावा लागतो. मऊ लगदा पिचकारीने कानात भरायचा, तो आळेपर्यंत समोरच्या माणसाला जबडा हलवू द्यायचा नाही, मग हलक्या हाताने ओढून काढायचा. त्यावरून पुढे पारदर्शक मोल्ड, म्हणजे यंत्राचा कानात बसणारा तुकडा, घडवायचा, घासायचा, भोक पाडायचं. दवाखान्याच्या मागच्या खोलीत, खिडकीशी, त्याचं टेबल. पुढच्या खोलीत डॉक्टरीणबाई काचेच्या पेटीत माणसं बसवून त्यांना बारीक-मोठे आवाज ऐकवायच्या आणि आलेख काढायच्या. मागे हा कान घडवायचा. पेशंट त्याला कानवाले काका म्हणत. दोन माणसांचे कान कधी सारखे नसतात, एवढंच कशाला, एकाच माणसाचे दोन कानसुद्धा सख्खे भाऊ असले तरी जुळे नसतात, असं तो नव्या पेशंटला सांगायचा. पेशंट हसला की जबडा हलायचा आणि लगदा वाया जायचा. तरी सांगायचा.

त्या सकाळी मास्तर आले. मास्तर म्हणजे एक निवृत्त शिक्षक. त्यांनी साफ करायला दिलेला मोल्ड आदल्या दिवशी नेला होता. आल्याआल्या त्यांनी खिशातून पुडी काढली आणि टेबलावर ठेवली.

"काका, हे धुतलंत का हो?"

"धुतलं की. पूर्ण वेळ मशीनमध्ये होतं."

"मग माझा मळ मला जसाच्या तसा परत दिलात. प्रामाणिकपणालाही काही हद्द असते."

काउंटरवरच्या बाई तोंडाला रुमाल लावून हसल्या. त्याने भिंग डोळ्याला लावलं. मोल्डच्या बारीक भोकात पिवळट रेघ बसलेली होती, जुनी आणि निवांत, कुणीही हलवत नाही हे ठाऊक असल्यासारखी. "आजचा दिवस ठेवून जा, मास्तर," तो म्हणाला. "ठेवतो," मास्तर म्हणाले, "पण मग आज मला कुणी काही बोललं तर ती जबाबदारी तुमची."

मशीन कोपऱ्यात होतं. जेवणाच्या मोठ्या डब्याएवढी स्टीलची टाकी, वर झाकण, पुढे एक लाल दिवा आणि टायमरचं बटण. टाकीत पाणी आणि दोन थेंब साबण घालायचा, मोल्ड जाळीच्या टोपलीत ठेवून बुडवायचे, झाकण लावायचं. मग टाकीचा तळ इतक्या वेगाने थरथरायचा की तो आवाज माणसाच्या कानापलीकडे जायचा; त्या थरथरीने पाण्यात डोळ्याला न दिसणारे बुडबुडे फुटायचे आणि ब्रश जिथे पोहोचत नाही तिथला मळ उचलून आणायचे. मूळ आवाज ऐकू येत नसला तरी त्याची एक सळसळ कडेने बाहेर सांडायची. बारीक, धारदार, सूंऽऽ अशी. कोरड्या गवतावरून कुणीतरी एकसारखं चालत असावं तशी. इतकी वर्षं त्या सळसळीच्या सोबतीने त्याने कान घासले होते.

आणि मग कधीतरी ती त्याला ऐकू येईनाशी झाली. नेमकी कधी, हे त्याला सांगता आलं नसतं. एक दिवस लक्षात आलं की दिवा लागलाय, टायमर टिकटिकतोय, पाणी हाताला कोमट लागतंय, आणि सळसळ नाही. तो खुर्चीत तसाच बसून राहिला होता. बारीक आवाज पहिल्यांदा जातात, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? आधी पाखरं जातात, मग दुसऱ्या खोलीतला चमचा, मग बायकांचं आणि लहान मुलांचं बोलणं पाण्याखालून यावं तसं यायला लागतं. हजारो माणसांना त्याने हे समजावून सांगितलं होतं, आणि त्यात लाज कसली, चष्मा नाही का लावत आपण, असंही वर म्हटलं होतं. स्वतःच्या बाबतीत मात्र तो गप्प बसला. काचेची पेटी दहा पावलांवर होती. तिच्यात जाऊन बसायचं आणि डॉक्टरीणबाईंना म्हणायचं, जरा माझेही बघा, एवढंच. पण त्या पेटीतून माणसं बाहेर येतात तेव्हा त्यांचा चेहरा कसा असतो ते त्याने फार जवळून पाहिलं होतं. आज नको, पुढे बघू, असं म्हणत त्याने झाकण लावलं आणि दुसरं काम हातात घेतलं.

त्यानंतर कमी होत गेलेलं सगळं तो त्याच एका खात्यावर टाकत गेला. जेवताना बायकोचे ओठ हलल्यासारखे वाटत. तो अंदाजाने मान डोलवी. तिने नळ सोडलेला असताना काही म्हटलं तर तो 'हं' म्हणे, आणि 'हं' म्हणून भागतंय हे पाहून त्याला हायसं वाटे. एकदा ठरलं की ऐकू येत नाही, मग ऐकायचे कष्ट संपतात. कान टवकारायचे नाहीत, 'काय म्हणालीस?' म्हणून उठून जायचं नाही. आणि स्वयंपाकघरातलं गुणगुणणं थांबलं तेव्हा त्याला नवल वाटलं नाही. ते पाखरांबरोबर गेलं, असं त्याने मानलं. तिकडे ती ओट्याशी पाठमोरी उभी असे आणि इकडे तो पेपरच्या आडून त्या पाठीकडे बघत मनात म्हणे, गात असेल. पाठ गाणाऱ्या माणसाची आहे की नाही, हे त्याने कधी नीट पाहिलं नाही.

मास्तर गेल्यावर त्याने डब्यातल्या जेवणाला गुंडाळलेला चांदीसारखा पातळ कागद काढला, त्याचा एक तुकडा फाडला आणि चालू मशीनच्या पाण्यात उभा धरला. मशीन विकणाऱ्या माणसाने फार पूर्वी ही खूण शिकवली होती: मशीन जिवंत असेल तर पाणी त्या कागदाला सुईने टोचल्यासारखी भोकं पाडतं. टायमरने पूर्ण फेरा घेतला. त्याने कागद बाहेर काढून खिडकीकडे धरला. कागद आरशासारखा गुळगुळीत होता. त्यात त्याला आपलं नाक तेवढं दिसलं, वेडंवाकडं.

म्हणजे मशीनच मेलं होतं. दिवा आणि पाणी तापवणारी तार वेगळ्या जोडणीवर होती म्हणून ती सोंग वठवत राहिली. आत थरथर उरलीच नव्हती. इतके दिवस मोल्ड स्वच्छ निघत होते ते त्याच्या ब्रशमुळे. त्याने वायर काढली, मशीन उलटं केलं, चार स्क्रू सोडवले. आतल्या पट्टीवर फ्यूज काळा पडला होता आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पात्यांना चिकटून बसलेला, टाकीला थरथर पुरवणारा तीन पायांचा ट्रान्झिस्टर कपाळाला चिरला होता. कुणीतरी कधीतरी टाकीत पाणी कमी असताना मशीन चालवलं असणार. कुणीतरी म्हणजे त्यानेच. दुसरं कुणी हात लावत नव्हतं. आणि तो खुर्चीत बसून हसला. कितीतरी दिवसांनी मनापासून हसला. कान गेलेच नव्हते. बिचारे कान, ते तर सरळ सांगत होते की आवाज नाही. यानेच त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. काउंटरवरच्या बाईंनी दारातून डोकावून विचारलं, "काका, काय झालं?" "मशीन बिघडलंय," तो म्हणाला. "मग हसताय काय?" तोवर हसू ओसरलं होतं आणि त्याच्या जागी दुसरंच काहीतरी हळूहळू वर येत होतं. कान शाबूत असतील, तर मग घरात काय थांबलं होतं?

दुपारी रजा टाकून तो ट्रान्झिस्टर शोधायला निघाला. श्रवणयंत्राच्या छोट्या डबीत कापसावर त्याने तो निजवला होता. खिशात हात घालून डबी पुन्हा पुन्हा चाचपत होता. विजेच्या सुट्या वस्तूंच्या दुकानांची एक गल्ली होती. दोन्ही बाजूंना वायरींची भेंडोळी लोंबत होती, आणि प्रत्येक दुकानातून वेगळं गाणं येऊन मधल्या रस्त्यावर सगळ्यांची मारामारी चालली होती. तो मुद्दाम कान देऊन चालला. सायकलची घंटी आली. दूर कुणीतरी पत्रा कापत होतं, त्याची किंकाळी आली. एका पोरीच्या पायातल्या चपलेची चुईंचुईं आली. सगळं येत होतं. जितकं जास्त येत होतं तितकी त्याची चाल मंदावत होती.

पहिल्या दुकानदाराने डबीत बघितलं आणि डबी परत सरकवली. "हा आता येत नाही."

"मग काय येतं?"

"नवीन मशीन येतं."

दुसऱ्याने मात्र खणात हात घालून लगेच एक काढून दिला. तोच आकार, तोच नंबर, नंबर अगदी ठळक आणि पांढराशुभ्र. त्याने सवयीने अंगठ्याचं नख त्यावरून फिरवलं. अर्धा नंबर नखाला आला; वरून छापलेला, नकली.

"काका, तुम्ही बोटं फार चालवता बुवा," दुकानदार म्हणाला. "लावून तर बघा. नाही चालला तर आणून द्या."

"आणि मशीन जळलं तर?"

"तेही आणा. भंगारवाला ओळखीचा आहे."

दुकानदार हसला, तोही हसला. बाहेर येऊन तो एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला. आता परत जाता आलं असतं. मिळत नाही म्हणून सांगितलं तर डॉक्टरीणबाई नवं मशीन मागवतील. त्या नव्याचा आवाज कसा असतो ते त्याला माहीत नव्हतं, त्यामुळे तो ऐकू आला काय, न आला काय, त्यावरून काहीच ठरलं नसतं. मास्तरांचा मोल्ड ब्रशने घासून देता येईल. घरी जाऊन पेपर उघडता येईल, आणि ओट्यापाशी ती गातेच आहे, आपल्यापर्यंत पोहोचत नाही एवढंच, असं पुढेही मानता येईल. बहिरेपणाचं एक बरं असतं. त्यात सगळं जग आपल्या पलीकडे सुखरूप चाललेलं असतं. त्याला त्या मानण्याची इतकी सवय झाली होती की ते सोडायचं म्हणजे थंडीत अंगावरचं पांघरूण दुसऱ्याने ओढण्यासारखं होतं. आणि इथे तर ओढणारा हात त्याचाच होता. तो उठला. पाय गल्लीच्या आतल्या टोकाकडे वळले; का वळले, हे त्याने त्यांना विचारलं नाही.

तिथे एका जिन्याखाली टीव्ही दुरुस्त करणारा बसत होता. त्याच्याभोवती जुने, पाठीला कुबड असलेले डबा-टीव्ही छतापर्यंत रचलेले होते, आणि तो मधल्या पोकळीत घरट्यातल्या पाखरासारखा दिसत होता. त्याने चिरलेला ट्रान्झिस्टर उजेडात धरला आणि म्हातारा शेजारी भेटावा तसा त्याचा चेहरा उजळला.

"हा ना? हा यांच्याच पोटात असायचा." त्याने मागच्या रांगेतल्या एका टीव्हीवर थाप मारली. "कशाला हवाय?"

"पाण्यात आवाज करायला."

"कोण ऐकतं तो?"

"कुणी नाही. मळ निघतो."

"हे बरंय," तो म्हणाला आणि पेचकस घेऊन टीव्हीची पाठ उघडायला लागला.

"कुणाचा आहे हा? कुणी न्यायला आलं तर?"

"कोण येतंय. एक बाई दुरुस्तीला म्हणून ठेवून गेली. झाला म्हणून कळवलं, तर म्हणाली, ठेवा तुम्हीच. अहो पण चालतोय आता, म्हटलं. तर म्हणाली, चालू करायचाच नव्हता. सारखी बडबड करतो, म्हणून घरातून हलवायचा होता. नवऱ्याला सांगितलं, बिघडला." त्याने आतली धूळ फुंकली. "घरोघरी काय काय चालतं बघा. आपण नुसत्या वायरी जोडत बसतो."

धुळीच्या गादीखालून त्याने तो तीन पायांचा जीव अलगद सोडवला, मीटरच्या सुया लावून तपासला आणि डबीत कापसावर ठेवला. नंबर फिकट होता, नखाने निघत नव्हता. "अजून एक देऊ? जवळ असलेला बरा." त्याने नको म्हटलं. हा एकच त्याला जड झाला होता.

तो परतला तेव्हा दवाखाना बंद व्हायला वेळ होता. खिडकीतलं ऊन टेबलाच्या कडेवर आलं होतं. त्याने पात्यांवरची जुनी पेस्ट पुसली, अभ्रकाची पातळ चकती मध्ये ठेवली, तीन पाय तीन भोकांत घातले, कथिलाचे डाग दिले. धूर नाकाशी आला तसं त्याने तोंड जरा बाजूला केलं. नवा फ्यूज, चार स्क्रू, पाणी, साबण. मास्तरांचा मोल्ड टोपलीत. या वेळी त्याने झाकण लावलं नाही. बटण फिरवलं.

सूंऽऽ.

पाण्याच्या पाठीवर शहारा आला. कोरड्या गवतावरून कुणीतरी चालत आलं आणि थेट त्याच्या कानाशी येऊन थांबलं. आवाज जुनाच होता, तितकाच बारीक, तितकाच धारदार. त्यातलं काहीसुद्धा कमी झालेलं नव्हतं. मोल्डच्या भोकातून पिवळट धुराची एक रेघ निघाली, वळवळत वर आली आणि पाण्यात विरून गेली. त्याने चांदीच्या कागदाचा तुकडा धरून बघितला. उजेडासमोर नेला तर चाळणीसारखी भोकं पडलेली. आता शंकेला जागा नव्हती. काउंटरवरच्या बाई आत येऊन कानांवर हात ठेवून म्हणाल्या, "अगंबाई, हे चालू असताना असं ओरडतं होय? मला वाटायचं, मुकंच आहे." त्या कामाला लागल्या ते मशीन गप्प झाल्यावरच; म्हणजे ती शांतता यांनाही ऐकू येत होती. यांनी कधी विचारलं असतं तर. त्याने कधी विचारलं असतं तर.

घरी पोहोचला तेव्हा बायको ओट्याशी होती. तो नेहमीसारखा पेपर घेऊन बाहेर बसला नाही. चपला काढून स्वयंपाकघराच्या दारात आला आणि उभा राहून ऐकू लागला. नळाची धार. ताटलीवर ताटली. चमच्याचा बारीकसा किणकिणाट. तिच्या सुती साडीची सळसळ. प्रत्येक आवाज सुटा, स्वच्छ, धुऊन ठेवल्यासारखा. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध, जिथे ती उभी होती तिथे, काही नव्हतं. तिचे ओठ मिटलेले होते. खांदे जरा पुढे झुकलेले. ही पाठ गाणाऱ्या माणसाची नव्हती, आणि ते कळायला कान लागत नव्हते.

त्याने स्टूल ओढलं. ती दचकून वळली.

"अहो, बरं नाही का?"

"बरा आहे."

"मग इथे काय बसलात? चहा हवाय?"

"नको. बस जरा."

ती बसली नाही, पण नळ बंद केला. ओल्या हातांनी ओट्याला टेकून उभी राहिली. मग त्याने सांगितलं. मशीनचं, मास्तरांचं, कागदाचं, जिन्याखालच्या माणसाचं; भलतीकडूनच, मागचं पुढे करत. मास्तरांचं बोलणं ऐकून तिच्या ओठांच्या कडा हलल्या. शेवटी म्हणाला, "मला वाटत होतं, माझे कान गेले."

"तुमचे?" ती म्हणाली. "तुमचे कसे जातील?" आणि मग तिला काहीतरी उमगत गेलं असावं, कारण ती त्याच्याकडे बघायची थांबली आणि हात पुसायला लागली. कोरडे झाले तरी पुसत राहिली. "कधीपासून वाटत होतं?"

"झाले असतील महिने. कुणाला बोललो नाही."

"मलासुद्धा."

"तुलासुद्धा."

खालून कुणीतरी गाडी ढकलत नेली.

"तू गुणगुणत नाहीस हल्ली," तो म्हणाला.

"नाही."

"मला वाटलं, गातेयस. मलाच येत नाही ऐकू."

तिने फडकं घडी केलं, उलगडलं, पुन्हा घडी केलं. त्याला वाटलं, आता ती उठून नळ सोडेल आणि हे एवढ्यावरच राहील. आजवर असंच राहिलं होतं. त्याच्याही मनातला एक कोपरा तेच मागत होता. पण तो स्टुलावरून हलला नाही. तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"मागे एकदा," ती फडक्याकडे बघत म्हणाली, "दुपारी मी बॅगेत कपडे भरून घरातून निघाले होते. लेकीकडे नाही. कुणाकडेच नाही. या घरात माझ्या बोलण्याला उत्तर येत नव्हतं, मग म्हटलं, जाऊन बघावं, कुणाला कळतं का. थांब्यावर बसले. बस यायची, दार उघडायचं, कंडक्टर बघायचा, बस जायची. कुठलं नाव घेऊन चढायचं तेच सुचेना. अंधारायला लागलं तशी परत आले. तुम्ही बाहेर पेपर घेऊन बसला होतात. चप्पलसुद्धा काढली नव्हती मी. तुमच्यासमोर उभी राहिले आणि सांगितलं तुम्हाला, मी आज घर सोडून निघाले होते. सरळ, एवढंच सांगितलं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, हं, ठेव तिथेच, नंतर बघतो."

तो ऐकत होता.

"म्हणून ठेवली. पलंगाखाली आहे बॅग. अजून भरलेलीच आहे."